शोरूममधल्या आत्या

त्यांना आत्या म्हणणारा हक्काचा माणूस एकच होता, मालकांचा मुलगा. लहानपणी शाळा सुटली की तो शोरूममध्येच असायचा आणि दिवसभर त्याचं "आत्या, आत्या" चालायचं. ते ऐकून आधी वॉचमन, मग मेकॅनिक, मग गिऱ्हाइकंसुद्धा त्यांना आत्याच म्हणायला लागली. मी रिसेप्शनवर लागले तेव्हा पहिल्या दिवशी त्यांना मॅडम म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम गाडी विकत घ्यायला येतात," त्या म्हणाल्या. "विकायला बसलीय ती आत्या."

जेवायला आम्ही एकत्र बसायचो. त्यांची मागची हकिकत मला त्या डब्यांवर थोडी थोडी कळत गेली. पुढची मी स्वतः पाहिली.

मी लागले तेव्हा शहरात चार दिशांना आमच्या मालकांच्या ग्रुपच्या काचेच्या इमारती होत्या. त्याची सुरुवात आत्यांच्या वडिलांच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली. वडील पंक्चर आणि वेल्डिंगची कामं करायचे. शेडमागे मोकळी जागा होती. आत्यांचं लग्न झालं, आणि दोनेक वर्षांत त्या एक सुटकेस घेऊन परत आल्या, कारण नवऱ्याने दुसरीकडे संसार मांडला होता. आई रडली. वडिलांनी वेल्डिंगचा चष्मा वर सरकवला, "आलीस ना, बस," म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. आत्या शेडमधल्या स्टुलावर बसल्या आणि समोरचा फोन वाजला म्हणून त्यांनी तो उचलला. त्यांची नोकरी अशी लागली.

धाकट्या भावाने तेव्हा कॉलेज अर्धवट सोडलं होतं. तो जुन्या गाड्या घ्यायचा, डेंटिंग-पेंटिंग करून विकायचा. तोंडाने अतिशय गोड. पण एका जागी टिकणार नाही. मागच्या मोकळ्या जागेत गाड्या इतक्या दाटीने लावलेल्या असायच्या, की आतली एक काढायला बाहेरच्या सहा हलवाव्या लागत, आणि गिऱ्हाईक आलं की भाऊ नेमका गावभर. मग आत्याच किल्ल्या घेऊन उठायच्या. शिकवायला कुणी नव्हतं. सगळं शिक्षण त्या अरुंद जागेत, मागे बघत झालं.

"मी आधी रिव्हर्स शिकले," त्या सांगायच्या. "पुढे जायचं मला खूप नंतर जमलं."

गाडी बघायला जोडपी यायची. नवरा टायरला लाथ मारून बघायचा, बोनेट उघडायला लावायचा, बायको पर्स धरून सावलीत उभी. आत्या तिच्याकडे जायच्या.

"गाडी कोण चालवणार?"

"हे."

"आणि हे घरी नसतील तेव्हा?"

बायका हसायच्या. पुढच्या आठवड्यात त्यातली एखादी एकटीच यायची, म्हणायची, शिकवाल का. सकाळी भाऊ उठायच्या आत आत्या त्या बायकांना शेडमागे क्लच आणि ब्रेक समजावून द्यायच्या. ज्या शिकल्या त्यांनी घरात गाडीचा हट्ट धरला, आणि गाडी तिथूनच घ्यायची हाही. त्या काळातल्या निम्म्या गाड्या अशा गेल्या. शिवाय आत्यांचं आणखी एक होतं. गाडी वाईट असली तर त्या तोंडावर सांगायच्या, "ही घेऊ नका, हिने मार खाल्लाय." भाऊ शेजारी उभा असला तरी.

"ताई, तू आपल्या बाजूची आहेस की गिऱ्हाइकाच्या?" तो नंतर चिडायचा.

"तुझ्याच. तू विकून मोकळा होतोस. परत येतात ते माझ्याकडे."

मग एका मोठ्या मोटार कंपनीला या शहरात एजंट हवा होता. भावाने अर्ज टाकला होता. कंपनीचा अधिकारी न सांगता जागा बघायला आला त्या दिवशी भाऊ मित्राच्या लग्नाला गेलेला. आत्यांनी अधिकाऱ्याला शेड दाखवली, मागची जागा दाखवली, वडिलांच्या हातचा चहा पाजला. त्याने विचारलं, वर्षाला किती गाड्या विकाल? त्यांनी आकडा सांगितला.

"बाकीच्या अर्जदारांनी याच्या तिप्पट सांगितलाय," तो म्हणाला.

"मग त्यांना द्या. आणि वर्षभराने इकडे या. आम्ही इथेच असू."

एजन्सी मिळाली. कंपनीचं पत्र आलं त्या दिवशी भावाने शेडमध्येच आत्यांना उचलून गोल फिरवलं. ते सांगताना आत्यांचा चेहरा प्रत्येक वेळी जरासा उजळायचा. मी ते कधी विसरले नाही, कारण नंतर जे झालं ते झाल्यावरही तो तसाच उजळायचा, आणि मग त्यांचा त्यांनाच राग यायचा.

कागद करायची वेळ आली. कंपनीला एका नावावर एजन्सी हवी होती, बँकेला जमीन एका नावावर. वडील तेव्हा थकले होते. भाऊ म्हणाला, "माझं घालतो, ताई. तुझं काय आणि माझं काय." आत्यांनी वडिलांच्या जागेवरचा हक्क सोडला. कुणी फसवून सही घेतली नाही. त्यांनी राजीखुशीने केली, आणि वरून भावाला दटावलं, की टाय बांधायला शिक आता.

शेड पाडून काचेचं शोरूम उभं राहिलं. काही वर्षांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक, मग दुसऱ्या कंपनीच्या गाड्यांचं एक, मग जुन्या गाड्यांचं वेगळं दुकान. भाऊ आता साहेब झाले. आत्यांचं टेबल दर नूतनीकरणात थोडं आत सरकत गेलं. सुरुवातीला ते दारासमोर होतं. मग अकाउंट्सच्या मागे गेलं. मी लागले तेव्हा त्या टॉयलेटशेजारच्या एका खोलीत बसायच्या आणि दारावर 'ग्राहक संबंध' अशी पाटी होती. तक्रार घेऊन आलेला माणूस आवाज चढवायला लागला की आम्ही त्याला तिकडे पाठवायचो. तो बाहेर यायचा तेव्हा शांत असायचा, कधी कधी हसतसुद्धा असायचा.

"हसणारी गिऱ्हाइकं तुमची, रडणारी माझी," आत्या म्हणायच्या. "वाटणी छान झालीय."

मालकांचा मुलगा परदेशात शिकून आला आणि धाकटे साहेब झाला. ज्याला आत्यांनी मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं तो आता सूट घालून आम्हाला पडद्यावर रंगीत चौकोन दाखवायचा. एका मीटिंगमध्ये त्याने आत्यांचा उल्लेख 'सीनियर रिसोर्स' असा केला. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "रिसोर्स म्हणजे काय गं नेमकं?"

मी म्हणाले, "कामाला येणारी गोष्ट. साधन."

"म्हणजे जॅक," आत्या म्हणाल्या आणि डबा उघडला.

ग्रुपला बरीच वर्षं झाली म्हणून मुख्य शोरूमच्या भिंतीवर इतिहास लावला. पहिलाच फोटो शेडचा, वाढवून दारापेक्षा उंच केलेला. तरुण साहेब गाडीच्या बोनेटवर हात ठेवून उभे, खाली मजकूर, की एका तरुणाने एकट्याने पाहिलेलं स्वप्न वगैरे. फोटोच्या डाव्या कडेला कुणाचं तरी कोपर दिसत होतं. बाकी माणूस कापलेलं. आत्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. साहेब मागून आले.

"डिझाइनवाल्याने कापलं, ताई. फोटो भिंतीवर बसत नव्हता."

"कोपर तेवढं बसलं," आत्या म्हणाल्या.

साहेब मोठ्याने हसले, आम्हीही हसलो. त्यांना ते लागलं असेल असं तेव्हा मलाही वाटलं नाही. कारण त्या संध्याकाळी नेहमीसारख्या साहेबांच्याच गाडीतून घरी गेल्या. साहेबांच्या बंगल्यात वरची एक खोली त्यांची होती.

मग ते पाण्याचं प्रकरण झालं. शहराबाहेरच्या आमच्या यार्डात नव्या गाड्यांचा स्टॉक असायचा. सुट्टीच्या दिवशी यार्डामागची पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली. दुसऱ्या दिवशी लोक पोचले तेव्हा मागच्या रांगांमध्ये गाड्यांच्या सीटच्या वर पाणी होतं. आम्हाला सांगण्यात आलं, की भिजलेल्या सगळ्या गाड्या कंपनीने परत नेल्या. विषय तिथे संपला.

पुढच्या महिन्यांत एका मॉडेलवर चांगली सवलत निघाली. त्याच सुमाराला एक शाळेतल्या बाई आपल्या मुलीसाठी गाडी बघायला आल्या. या बाई आत्यांच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी. शेडमागे गाडी शिकलेल्या. मुलीला नोकरी लागली होती आणि ऑफिस लांब होतं. त्यांनी सवलतीची गाडी बाहेरून पाहिली, आत बसून पाहिली आणि आत्यांना विचारलं, "घेऊ का?"

आत्या धाकट्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. काचेतून मला ते बोलणं दिसलं, ऐकू नाही आलं. आत्यांनी नंतर मला ते अनेकदा सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, "गाडी चांगली आहे ना रे? माझ्या ओळखीची बाई आहे." आणि तो म्हणाला होता, "आत्या, कोरी गाडी आहे. कोऱ्या गाडीत काय वाईट असणार?"

किल्ली आत्यांनी स्वतः त्या मुलीच्या हातात दिली.

काही महिन्यांनी ती मुलगी पुलाचा चढ चढत असताना गाडी एकदम बंद पडली. इंजिन, दिवे, सगळं एकाच वेळी गेलं. मागून ट्रक होता. मुलगी वाचली, पण कंबरेखाली तिला फार इजा झाली. बाई शोरूममध्ये आल्या त्या दिवशी मी त्यांना आत्यांच्या खोलीत नेलं. आवाज चढवलेल्या कितीतरी लोकांना मी तिथे नेलं होतं. या बाईंनी आवाज मुळीच चढवला नाही.

"तुम्ही म्हणालात म्हणून घेतली," त्या आत्यांना म्हणाल्या. एवढंच.

त्या गेल्यावर आत्या वर्कशॉपमध्ये गेल्या. मी मागोमाग. तो चुरडलेला सांगाडा एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवला होता. फोरमन वडिलांच्या वेळचा माणूस, शेडमध्ये वेल्डिंग शिकलेला. आत्यांना बघून त्याने हातातलं काम खाली ठेवलं.

"ही पाण्यातली होती का?" आत्यांनी विचारलं.

फोरमन हात पुसत राहिला. "आत्या, मला विचारू नका. मुलीचं लग्न व्हायचंय माझ्या."

"परत नेल्या म्हणत होते."

"कंपनीने मोडीत काढा म्हणून सांगितलं होतं. धाकट्या साहेबांनी जुन्या गाड्यांच्या वर्कशॉपला नेऊन वाळवल्या."

"आणि मोठ्या साहेबांना माहीत होतं?"

फोरमनने खाली ठेवलेलं काम परत हातात घेतलं. आत्यांनी पुन्हा विचारलं नाही.

साहेबांच्या केबिनमधलं बोलणं मात्र मी ऐकलं, कारण मला पाणी घेऊन बोलावलं होतं आणि मग कुणाला मला जा म्हणायचं सुचलं नाही. साहेब, धाकटे साहेब आणि एक वकील बसले होते. साहेब मऊ आवाजात बोलत होते. "ताई, त्या बाई तुझं ऐकतात. तू त्यांना एवढंच सांग, की मुलगी नवी होती, चढावर घाबरली, गाडी बंद पाडली. होतं असं. उपचाराचं आपण बघू."

"तिला तिच्या आईने शिकवलंय," आत्या म्हणाल्या. "आणि आईला मी. ती चढावर गाडी बंद पाडणार नाही."

"आत्या, हा भावनांचा विषय नाही," पुतण्या म्हणाला. "तुम्ही बाहेर काहीही बोललात तरी ते ग्रुपचं म्हणणं होत नाही. तुम्ही डायरेक्टर नाही, पार्टनर नाही. कागदावर तुम्ही कोण आहात?"

आत्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या भावाकडे बघत होत्या. मला आठवतंय, साहेबांनी टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं.

"कायद्याने तो म्हणतोय ते बरोबर आहे, ताई," ते म्हणाले.

आत्या उठल्या, खोलीतून आपला डबा आणि चष्म्याचं घर घेतलं आणि थेट त्या बाईंकडे गेल्या. जे कळलं होतं ते सगळं सांगितलं. बाईंनी ग्राहक न्यायालयात दावा लावला आणि आत्या साक्षीला उभ्या राहिल्या. फोरमनने आपल्याला काही माहीत नाही असं सांगितलं. धाकट्या साहेबांनी कोऱ्या गाडीचे कागद दाखवले. मग साहेब साक्षीला आले. बाईंच्या वकिलाने विचारलं, की तुमची सख्खी बहीण तुमच्याविरुद्ध का बोलते आहे. साहेब जरा थांबले आणि म्हणाले, "माझ्या बहिणीचं लग्न मोडल्यापासून तिची मनःस्थिती बरी नसते. आम्ही घरात सांभाळून घेतो. धंद्यात आपला वाटा होता असा तिचा समज आहे."

मी आत्यांच्या शेजारी बसले होते. त्यांनी माझा हात धरला नाही, रडल्या नाहीत. पर्समधून रुमाल काढून त्यांनी चष्म्याच्या काचा पुसल्या, आणि पुसतच राहिल्या.

निकाल लागलाच नाही. मुलीच्या दुसऱ्या ऑपरेशनची वेळ आली आणि बाईंनी तडजोड केली. या विषयावर कुठे काही बोलायचं नाही, अशी तडजोडीची अट होती. बाईंनी फोन करून आत्यांची माफी मागितली. आत्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला माफी मागता. पोरीला उभी करा." पण फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "म्हणजे मी वेडी ती वेडीच राहिले, नाही का." त्या बाई नंतर कधी आत्यांना भेटायला आल्या नाहीत. अट पाळत असतील, किंवा तोंड दाखवायचा धीर होत नसेल.

बंगल्यातली खोली आत्यांनी आधीच सोडली होती. एका लाँड्रीच्या वर दोन खोल्या भाड्याने घेऊन, एक जुनी गाडी मिळवून त्या बायकांना गाडी शिकवायला लागल्या. मीही वर्षभरात शोरूम सोडलं. भेटायला जायचे तेव्हा त्या बहुतेक खालीच असायच्या, एखाद्या घामाघूम झालेल्या मुलीशेजारी, "स्टिअरिंग काही पळून जात नाही, सैल धर," म्हणत.

कधीमधी कोर्टाचा विषय निघायचा. तेव्हा त्या न चुकता एकच वाक्य बोलायच्या: "ते शब्द त्याचे नव्हते. वकिलाने पढवलं होतं." मी मान डोलवायचे.

पुढे साहेबांना हृदयाचा त्रास झाला. ते दवाखान्यात असताना मुलाने ग्रुपचे सगळे अधिकार आपल्या नावावर करून घेतले, आणि बरे होऊन ते घरी येतात तोवर ग्रुप दुसऱ्या एका बड्या समूहाला विकून टाकला. पाट्या बदलल्या. भिंतीवरचे फोटो उतरले. मुलगा दुसऱ्या शहरात निघून गेला, आणि बंगलाही ग्रुपच्याच नावावर होता असं साहेबांना तेव्हा कळलं.

एका दुपारी मी आत्यांकडे निघाले होते. लाँड्रीशेजारच्या जिन्यावरून साहेब खाली येत होते. कठडा धरून, एकेक पायरी. टाय बांधलेला होता. त्यांनी मला ओळखलं नाही.

वर आत्या खुर्चीत बसल्या होत्या. समोर दोन कप, एक भरलेला तसाच.

"शोरूममध्ये गेला होता तो," त्या म्हणाल्या. "गेटवरच्याने विचारलं, कुणाला भेटायचंय. त्याला सांगता आलं नाही. मग इकडे आला. म्हणाला, इथे राहू का."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी हो म्हणणार होते. खोली आवरायला उठलेही होते." त्यांनी भरलेला कप बाजूला सरकवला. "मीच कोर्टाचं काढलं. म्हटलं, झालं गेलं, तुझ्या तोंडी ते वकिलाने घातलं होतं, मला माहीत आहे. त्याची सुटका व्हावी म्हणून बोलले गं मी. हो म्हणाला असता तर संपलं होतं."

"मग?"

"रडायला लागला. म्हणाला, नाही ताई, तुझ्याशी आता खोटं बोलवत नाही. वकील म्हणत होता, बहिणीबद्दल काही बोलू नका, वाईट दिसेल. ते माझं मलाच सुचलं."

खाली कुणीतरी हॉर्न वाजवून पाहत होतं. शिकायला आलेली मुलगी असणार.

"एवढी वर्षं मी त्या वकिलाला शिव्या घालत होते," आत्या म्हणाल्या. "तेवढ्यावर चाललं होतं माझं. आणि याला खरं बोलायला आजचा दिवस मिळाला."

त्यांनी भावाला दार उघडून दिलं होतं. "माझी क्लासची वेळ झाली," एवढंच म्हणाल्या होत्या. तो थोडा थांबला, आणि गेला.

साहेब पुढे एका वृद्धाश्रमात राहिले. मुलगा पैसे पाठवायचा, येत नसे. आत्या एकदाही गेल्या नाहीत. नातेवाईक त्यांना दगड म्हणाले, तोंडावरही म्हणाले. साहेब गेले तेव्हा मी जाऊन आले. आत्यांनी विचारलं, "बरीच माणसं होती का?"

"नाही. फोरमन होता. मुलगा उशिरा आला."

"फोरमन काही बोलला?"

"तुमची चौकशी केली."

आत्यांनी ओठ आवळले. "करणारच," त्या म्हणाल्या. "कोर्टाबाहेर सगळ्यांना माझी काळजी असते." मग त्यांनी किल्ल्या उचलल्या आणि आम्ही जिना उतरलो. खाली गाडीत एक बाई बसून होती आणि आरशात स्वतःकडे बघत होती. आत्यांनी दार उघडलं आणि तिला सांगितलं, की तो आरसा मागचं बघायला आहे, आधी तो नीट कर.